कारकुनाचं पदक आणि नवा दोरा

म्युनिक, गुरुवार

प्रिय आईस,

मी ठणठणीत आहे. खोली उबदार आहे, रोज गरम सूप मिळतं. तुझा गुडघा कसा आहे? शेजारची हाइके वेळेवर औषध आणते ना?

आज दुकानात थोडी बाचाबाची झाली. ब्रांडश्टेटर साहेबांनी कैसरच्या काळातली तीन पदकं पुढ्यात टाकली. दोन एका सैनिकाची, तिसरं रेल्वेच्या कारकुनाचं, चाळीस वर्षांच्या नोकरीबद्दलचं. म्हणाले, "जुन्या दोऱ्याने एकाच पट्टीवर शिव. एकाच माणसाची म्हणून विकू."

मी म्हटलं, "कारकुनाने चाळीस वर्षं घासली ती काय दुसऱ्याच्या छातीवर मिरवायला?"

"आठवीतून पळालेला तू, मला इतिहास शिकवतोस? गुमान शिव."

शिवली. तू शिकवलेल्या बारीक टाक्यांनी, पण आजच्या नव्या दोऱ्याने. जांभळ्या दिव्याखाली जुना दोरा काळाच राहतो, नवा लख्ख चमकतो, आणि गिऱ्हाईक आधी तेच बघतं. उसवलं तर भोकं राहतील, आणि पट्टीचं तसलं जुनं कापड साहेबांकडे तेवढंच होतं.

त्यांनी दिवा धरला. टाके चमकले. मग म्हणाले, "सोमवारी तुझा निकाल लावतो."

लावू देत. पुन्हा सांगितलं तरी मी नव्या दोऱ्यानेच शिवेन. हातात टाका आहे, कुठेही पोट भरेन. तू काळजी करू नकोस. फक्त माझी खाट एवढ्यात कुणाला देऊ नकोस.

तुझाच हट्टी,
टोर्स्टन