किसनाचे पाय

जऊळका, शनिवार, दिवेलागण. सन १९३८.

किसनाचे पाय धुवायचे तसेच राह्यले.

आमची उपासना शनिवारीच असते. सकाळी तिथं पाद्रीसाहेब बोलले, "प्रभू येईल तवा ज्याच्यात पाप उरलं नाही तोच टिकंल." मले चेव आला. उभा राहून सांगितलं, "माहा राग मेला." सगळे आमेन म्हणाले. किसनानं तेवढा गालावरून हात फिरवला. परवाच कापसाच्या जिनात दोघं सरकी भरताना मी त्याच्या मुस्काटात मारली होती.

मग रीतीपरमाणं, भाकर-द्राक्षरसाच्या प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुवायचे. किसनच परात घेऊन समोर बसला, गाल अजून सुजलेला. हळूच म्हणाला, "आण रे पाय. मेलेल्या रागाले आंघोळ घालू." माह्या भेगांतली माती त्यानं बोटानं काढली. माही पाळी आली तसा मी "पाणी गार झालं" म्हणून उठलो. काहून उठलो? पायाले हात लावला असता तर सगळ्यांसमोर रडलो असतो.

शेजारचे म्हातारे याकूबमामा म्हणतात, "पोरा, या कातडीत पुरा साफ कोणी होत नाही, प्रभूच्या पुण्याईचं वस्त्र पांघर." पण त्या वस्त्राखाली किसनाचे पाय झाकू काय? आणि तिकडं धनज गावी मायले निरोप धाडलेला, पोरगा सुधरला म्हणून.

किसनाची खोली जिनामागंच आहे. परात घेऊन तिकडंच जातो. पाणी कोमट केलं आहे.