मुलिंगाच्या इस्पितळातला चार पानी फॉर्म

३ मार्च, सकाळी ७
मुलिंगाच्या नागरिकांनो, पुन्हा एकदा आपल्या गळ्यात दुय्यम माल मारला जातोय! (भाषणाची सुरुवात. आरशासमोर तीनदा म्हटली. जबरदस्त.) आपल्या इस्पितळात आता हृदयाच्या नळ्या फुगवून स्टेंट बसवणार. आणि छाती उघडणारा सर्जन? पाचशे किलोमीटरवर, ब्रिस्बेनला! काही फाटलं तर शिवणार कोण?
लोकर कातरणाऱ्यांच्या युनियनमध्ये चाळीस वर्षं बोललो. हे इस्पितळ किस झाड की पत्ती.

९ मार्च
हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेज भाजली. स्टेंटविरोधी अर्जावर सही करा, तळलेल्या कांद्यासकट सॉसेज घ्या. एकशे बारा सह्या. डोरीन म्हणते, त्यातल्या शंभर तळलेल्या कांद्याला आहेत. बायकोला चळवळ कळत नाही.
हृदयाचे डॉक्टर विक्रमनायके आले. सॉसेज खाल्लं, सही नाही केली. म्हणे, मर्व्ह, यावर भरपूर अभ्यास झालाय. रुग्ण नीट निवडले तर सर्जन शेजारी नसला तरी धोका वाढत नाही. अटॅकमध्ये उशीर मात्र मारतो. म्हटलं, मीही वाचतो. (एक लेख. पाऊण.)
छातीत आवळल्यासारखं होतंय. कांदा.

२१ मार्च
विजय! माझा पिच्छा सुटावा म्हणून का होईना, इस्पितळाचं बोर्ड नमलं. स्टेंटआधी प्रत्येक रुग्णाला मी लिहिलेला फॉर्म शब्दन् शब्द वाचून दाखवायचा. चार पानं. तिसऱ्यावर ग्रीक शोकांतिकेतला उतारा. तातडीच्या रुग्णांना सूट देणारं कलम मी खोडायला लावलं. सूट म्हणजे पळवाट.
नर्स ब्रॉन म्हणाली, अरे बाबा, एवढं वाचेपर्यंत माणूस मरेल. म्हटलं, समजून-उमजून मरेल.

२ एप्रिल
जिना चढताना धाप. जिनाच वाईट बांधलाय. डोरीन म्हणते, विक्रमनायकेंना दाखव. त्या माणसाला? जूनमध्ये ब्रिस्बेनला जाईन. किंवा जुलैत.

११ एप्रिल, दुपारी ४
संध्याकाळी बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्यांच्या क्लबात, सभा. शुक्रवार आहे, मटण जिंकायच्या सोडतीला गर्दी असतेच. डावा हात दुखतोय. हातवारे फार केले.

१३ एप्रिल, इस्पितळ
सर्जन कुठे आहे, असं गरजलो आणि सोडतीच्या मटण-चॉप्सवर आडवा झालो. टाळ्या पडल्या म्हणे. लोकांना वाटलं, अभिनय.
इथे आणल्यावर ब्रिस्बेनला जायला हेलिकॉप्टर मागितलं. विक्रमनायके म्हणाले, तीन तास लागतील, तुझी नळी आत्ता बंद आहे. बोल. म्हटलं, करा.
तर ब्रॉन फॉर्म घेऊन उभी! म्हटलं, राहू दे. म्हणाली, कसं राहू दे मर्व्ह, नियम तुझाच. तयारी झाली, सगळे हात बांधून उभे, ती धडाधड वाचतेय. छातीवर बैल बसलाय. शोकांतिकेपाशी मी रडलो. ती म्हणाली, छान लिहिलंस रे, आणि पान उलटलं. सही केली की ओरखडा, देव जाणे.
वाचायला नऊ मिनिटं. मग मनगटातून सुई, आणि स्टेंट बसला. कुठे काही फाटलं नाही. विक्रमनायके म्हणतात, त्या नऊ मिनिटांत हृदयाचा थोडा स्नायू गेला, तो परत येत नाही.
भाषा मात्र उत्तम आहे. पहिलं पान तर अजूनही पटतं.
बाजूच्या खोलीत कुणाला तरी आणलंय. आताच. ब्रॉनचा आवाज येतोय. पान पहिलं.
मुलिंगाच्या नागरिका, आज तू एकटाच आहेस आणि तुला उठायला बंदी आहे. उशाशी फोन आहे. तो उचल, बोर्डाच्या अध्यक्षांना लाव आणि खोडलेलं कलम परत घालायला सांग. आत्ता. ती दुसऱ्या पानावर पोचायच्या आत.