मागच्या दोन पेट्या

११ मार्च २००३, बोरी बुद्रुक
ओतूरचं वायरिंगचं दुकान बंद ठेवलं. उद्या नव्या घराच्या हॉलला फरशी, म्हणजे वायरींचा पाइप आजच टाकायला हवा. दादाचं एकच टुमणं, "होम थिएटर घेईन तवा वायर दिसता कामा नये. तुझ्या सासऱ्याच्या घरात बघितली ना, भिंतीवरनं निस्ती लोंबत्यात." म्हटलं, तुला नावं ठेवायला माझीच सासरवाडी सापडते का? हसत सुटला.
टीव्हीच्या भिंतीतून खाली, जमिनीतून आडवा, मागच्या भिंतीत वर. झिरी मी मारली. वायर ओढायची स्प्रिंग मी इकडून सारली, तिकडून दादानं ओढली. मागच्या दोन स्पीकरच्या पेट्यांच्या दोन वायरी. आप्पा खुर्ची टाकून बघत होते. "इंजनेर झालात दोघं," म्हणाले. पाठ मोडलीय. झोपतो.

९ नोव्हें. २००३
सेट आला एकदाचा. समोर तीन पेट्या, बेसची एक, मागं दोन. वायर कुठंच दिसत नाही. शेजारपाजारचे भिंती चाचपून गेले. दादा मागच्या पेटीला कान लावून, "ह्यात बोलतंय कोण? निस्ता दंगा!" त्याला सांगितलं, बोलणं पुढच्या पेट्यांत, गर्दी-टाळ्या-वारा मागच्यांत. "मंग मागं बसणाऱ्याला ष्टोरी कशी कळायची रं?"

२ ऑगस्ट २००४
आप्पा गेले. सकाळी.
यापुढं लिहवत नाही.

२० फेब्रु. २००५
कांदा काढणी. वहिनी बायकांदेखत सुनीताला म्हणाल्या, "तुझा नवरा ओतूरला पंख्याखाली, आमी हिथं उन्हात." बायको रडत घरी. संध्याकाळी वावरातच दादाला जाब विचारला. तो म्हणाला, "काय खोटं बोलली ती?"
डोकं फिरलं. तोंडातून गेलं, "मग वाटून टाक सगळं."
बायकांचे हात थांबले. दादा "बरं" म्हणाला आणि कांद्याची पाटी उचलली. आप्पांना जाऊन सात महिनेसुद्धा झाले नाहीत. आणि वाटणीचं तोंड मी काढलं. मीच.

६ मार्च २००५
पंच बसले. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. जमिनीचं तासाभरात झालं. घराचे दादानं दोन वाटे पाडले. दर्शनी भाग, त्यात निम्मा हॉल, टीव्ही, सेट. मागचा भाग, त्यात निम्मा हॉल आणि स्वयंपाकघर.
मी मागचा उचलला. सगळे चाट. दादाला सेटशिवाय करमत नाही म्हणून उचलला, पण हे चारचौघांत कसं बोलणार? वहिनी म्हणाल्या, "बघा, बांधलेला ओटा सोडवला न्हाई त्याला."
एक पंच म्हणाले, मागच्या दोन पेट्या सेटच्या, त्या काढा. दादा माझ्याकडं न बघता, "ऱ्हाऊ द्या. भिंतीला भगदाडं पडत्याल."
आई महिना तिकडं, महिना इकडं. तिला कुणी विचारलंच नाही.

१९ मार्च २००५
हॉलच्या मधोमध भिंत उभी राहिली. गवंड्यानं फरशीवरच विटा रचल्या, खाली खोदलं नाही. पाइपचं बोललो नाही. दादाही बोलला नाही. आमचं बोलणंच बंद आहे.

२३ मार्च २००५
सात वाजता जेवायला बसलो आणि डोक्यावरच्या पेट्यांतून एकदम गर्दी ओरडली. सुनीताच्या हातातली पळी पडली. पलीकडं दादानं मॅच लावली होती. बॉल कुणी टाकला, आउट कोण झालं, काही कळत नाही. नुसता गलका, आमच्या घरात.
सु. म्हणाली, "तोडून टाका ती ब्याद." म्हटलं, बघू. तोडणार नव्हतो. दादा घरी आलाय, एवढं तर कळतं.

८ डिसें. २००५
सवयच लागली. दुकानातून आलो की पेट्यांखाली खुर्ची. पावसाचा आवाज, घोड्यांच्या टापा. मग त्यावरून ओळखायचं, दादा आज काय बघतोय. परवा तीन दिवस आवाज नाही, जीव टांगणीला. आजारी आहे का? विचारायचं कुणाला? भिंतीला? चौथ्या दिवशी टाळ्या आल्या. बायको मला येडं म्हणते. म्हणू दे.
त्याला आठवत असेल ना पाइप? तिकडून ओढणारा तोच होता.

१४ मे २००६
दुपार. सु.ला दोन दिवस ताप, इंजेक्शन घेऊन नुकता डोळा लागलेला. आणि पेट्यांतून ताशा सुरू. ताशा, शिट्ट्या, पोरांची ओरड. एवढा मोठा आवाज आजवर कधी केला नव्हता. सु. दचकून उठली, कानावर उशी घेतली. भिंतीवर बुक्क्या मारल्या, हाका मारल्या. आवाज उलट वाढला. म्हटलं, ही मुद्दाम जिरवाजिरवी चाललीय. वर्षभर मी खुर्ची टाकून बसतोय, आणि हा असा!
पक्कड घेतली. पेटीमागची वायर एका दमात कचकन तोडली.
पलीकडचाही आवाज गप्प झाला. सगळाच. मी वायरमन आहे, मला काय ते लगेच कळलं. वायरीतल्या दोन्ही तारा पक्कडीत एकमेकींना चिकटल्या, पलीकडं सेट जळाला.
खरं लिहितो. बरं वाटलं.

१६ मे २००६
दादानं सेट चादरीत बांधून मोटारसायकलवर घेतला आणि नारायणगावच्या रस्त्याला वळला. सख्ख्या भावाचं ओतूरला दुकान असताना. कुठल्या तोंडानं बोलतोय मी?

१ जून २००६
आई इकडं आली. पिशवी ठेवली, चहा घेतला. मीच विषय काढला, त्या दिवशी एवढा धिंगाणा कसला चालला होता तिकडं?
"तुझ्या लग्नाच्या शूटिंगची शीडी लावली व्हती. मीच म्हणलं, आप्पांना बघू वाटतंय. त्यात हायेत ना ते चालतं-बोलतं."
आईनं कप खाली ठेवला.
"दादा म्हणला, आवाज वाढवू, शिवालाबी ऐकू जाईल. वाढवला. आप्पांनी माइक हातात घेतला, तोंड उघडलं आन् खट्. समदं बंद. लई जळका वास सुटला. मी तशीच बसले, म्हणलं आता बोलत्याल, मग बोलत्याल."
माझ्या लग्नातला ताशा होता तो. माझाच. आणि मला ओळखू आला नाही.
आईला सांगितलं नाही. मोरीत जाऊन नळ सोडून रडलो.

३ जून २००६
तुटलेल्या वायरीच्या दोन्ही तारा सोलल्या, सोल्डरचा डाग दिला, टेप मारली. पक्कं काम. मग गेलो. दादा कांदे साठवायच्या बराखीत सडके कांदे निवडत होता. वर्षानंतर तोंड उघडलं.
"दादा, वायर मी तोडली."
"म्हायती हाय. नारायणगावचा मेस्त्री म्हणला, मागच्या वायरीत शॉर्ट हाय. मागं कोण ऱ्हातंय ते मला ठावं न्हाई व्हय?"
"मला वाटलं तू मुद्दाम..."
"तुला असंच वाटणार."
एक सडका कांदा बाहेर फेकला.
"आई तशीच टीव्हीफुडं बसली व्हती, शिवा. घंटाभर."
म्हटलं, माझ्या बाजूनं जोडलीय. तो म्हणाला, "माझ्या बाजूनं मी काढून टाकलीया." पुन्हा खाली बघून कांदे. सुक्या पापुद्र्यांनी माझे हात भरले होते, कारण नकळत मीही निवडायला लागलो होतो. त्यानं माझ्या पुढ्यातली पाटी ओढून घेतली.

११ जून २००६
सेट दुरुस्त होऊन आलाय. पेट्या मुक्याच. संध्याकाळी भिंतीपलीकडून बारीक ताशा आल्यासारखा वाटला. आई म्हणाली, "मी तर हिकडं हाय. मंग त्यो कुणासाठी लावतोय?"
भिंतीला कान लावला. शब्द लागेनात. आणि मग डोक्यात आलं, वायर जोडलेली असती तरी आप्पांचं बोलणं इकडं आलंच नसतं. बोलणं पुढच्याच पेट्यांत येतं. हे मीच दादाला शिकवलं, आणि आठ दिवस मुक्या पेट्यांकडं बघत बसलोय. शहाणा!
घराला वळसा घालून पुढच्या दाराशी गेलो. दार उघडं. टीव्ही आता मधल्या भिंतीला लावलेला. दादा एकटाच, पाठमोरा. पडद्यावर आप्पा, पिवळा फेटा. "मंडळी, कुणी उपाशी जाऊ नका. थोरला वाढाय हाय, त्याला हाका मारा." एवढंच बोलले. मग ताशा.
दादानं मागं वळून पाहिलं नाही. माझी सावली त्याच्या पुढ्यात पडली होती, म्हणजे कळलं असणारच. त्यानं रिमोट उचलला, सीडी मागं नेली, आप्पा परत पहिल्यापासून.
तीनदा लावलं. तिन्ही वेळा मी उंबऱ्यातच.
आत ये म्हणाला नाही. जा असंही म्हणाला नाही.