आज मुलाला सुधारले

पप्पा,

आज रविवार. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी तुमची डायरी कॉम्प्युटरवर उतरवत होतो आणि एका वाक्यापाशी थांबलो. अजून तिथेच आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच लिहितोय. दुसऱ्या कुणाशी बोललो तर तो तुमची बाजू घेईल किंवा माझी.

तुम्ही होतात तेव्हा दर रविवारी आपल्या घरी प्रार्थनेला जमणारी ती मोजकी मॉर्मन पंथाची ख्रिस्ती मंडळी आता सिल्व्हर पार्कातल्या एका हॉलमध्ये भेटतात. तुमच्यानंतर प्रार्थना चालवणारे काका गेल्या आठवड्यात खारीला आपल्या घरी आले. म्हणाले, "बेटा, पप्पांच्या डायऱ्यांचं पुस्तक करू या. आपल्या मुलांना कळू दे, प्रेसवर बोटं वाचवायची युक्ती आपल्यातल्या माणसाने काढली. टाईप तूच कर, तुझ्याइतकं शुद्ध कोण लिहितं?" मी हो म्हटलं. शुद्ध कसा लिहायला लागलो, ते त्यांना ठाऊक नाही.

स्टीलच्या ताटल्या दाबणाऱ्या प्रेसखाली तुमच्या उजव्या हाताची चार बोटं गेली, तेव्हा मी आठवीत होतो. शाळा तेव्हाच सुटली. दिवसा कारखान्याच्या गाळ्यात तुमचा हात व्हायचं, संध्याकाळी घरी तुमची लेखणी. आपल्या धर्मात डायरी ठेवतात ती पुढच्या पिढ्यांनी वाचावी म्हणून, त्यामुळे तिच्यात चूक चालत नव्हती. तुम्ही सांगायचात, मी लिहायचो, आणि ऱ्हस्वाचं दीर्घ झालं की उरलेल्या डाव्या हाताने कानाखाली बसायची. 'परीक्षा' मी एकदाच चुकलो. त्या कानाने अजून कमी ऐकू येतं.

त्याच वर्षी तुम्ही ती युक्ती काढलीत. प्रेसला दोन बटणं, एकमेकांपासून लांब. दोन्ही हात दोन्ही बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येणारच नाही. कारागीर कुरकुरायचे, "उस्ताद, इसमें माल कम निकलता है," आणि तुमची पाठ वळली की चिकटपट्टी लावून एक बटण दाबून ठेवायचे. एकाची पट्टी तुम्हाला दिसली, तेव्हा तुम्ही त्याचं डोकं प्रेसच्या चौकटीवर आपटलंत. भुवई फाटून त्याचा डोळा रक्ताने भरला. तुम्ही म्हणालात, "डोक्याला टाके पडतात. गेलेल्या बोटाला नाही."

मग माझा दिवस. डाव्या बटणाला मी पट्टी लावलीय, उजव्या हाताने प्रेस चालवतोय, आणि डाव्या हातात चहाचा ग्लास आहे. आपल्यात चहा वर्ज्य. दारात तुम्ही उभे आहात. मशीनचा जुना रबरी पट्टा पाठीवर, मानेवर, तोंडावर पडत राहतो. मी ग्लासाच्या काचांवर कोसळतो, दात खालच्या ओठातून आरपार जातो. भुवईला टाके असलेला तोच कारागीर मध्ये पडतो. "मर जाएगा, उस्ताद. चाय ही तो है." त्यालाही एक फटका बसतो.

संध्याकाळी तुम्ही सांगितलंत, "लिही. आज मुलाने चहा घेतला. आज मुलाला सुधारले." मी 'मूलाला' लिहिलं. तुम्ही पुन्हा मारलंत आणि पान फाडून परत लिहून घेतलंत.

मी थांबलोय ते याच वाक्यापाशी. बंद पडलेली मशीन चालू झाली की तुम्ही 'प्रेस सुधारली' असं सांगायचात. कारागिराची भुवई फोडलीत, त्या दिवशीही 'सुधारले'. आता हे पुस्तक मुलांच्या हातात जाणार. काका एकदा तुम्हाला तोंडावर बोलले होते, "ब्रदर, लेकराला मारून देव शिकवता येत नाही." पण काल फोनवर विचारलं तर म्हणाले, "आहे तेच राहू दे. गेलेल्या माणसाचे शब्द आहेत."

मग मगाशी मम्मीला विचारलं. ती मासळी साफ करत होती. मान वर न करता तिच्या उत्तनच्या बोलीत म्हणाली, "मारले लिव. सुधारले लिवलंस तर वाचणाऱ्याला वाटंल, तू बिघडलेला व्हतास. व्हतास का?"

"न्हाय," मी म्हटलं. तिच्याशी बोलताना माझंही शुद्ध राहत नाही.

"मग?"

आत्ता मी 'मारले' टाईप केलं. तुमच्या शब्दाला पहिल्यांदाच हात लावला. काकांना हे असंच छापायचं नसेल, तर बाकीच्या डायऱ्याही मिळणार नाहीत, हे उद्या त्यांना सांगणार आहे.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून एक गोष्ट इथेच लिहितो. त्या दिवशी पट्टा उचलण्याआधी तुम्ही बटणावरची चिकटपट्टी ओरबाडून काढली होतीत. माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिलेत, एकेक बोट चाचपलंत. दहाही मोजलीत. हे तुम्ही मला लिहायला सांगितलं नाहीत. आणि मीही आज ते पुस्तकात घातलेलं नाही, कारण ते वाचलं तर लोक तुम्हाला माफ करतील.