संगीताची गुठळी

१२ फेब्रु. ९६
पेपर छापून आला. पोस्टाने पंचवीस प्रती. पानं चार, काम तीन वर्षांचं. माझ्या आडनावात एक अक्षर चुकलंय. नवरा, व., बँकेतून आल्यावर चहा घेताना त्याला दाखवला. पहिलं पान चाळून म्हणाला, "म्हणजे रक्त गोठतं कसं, ते?" म्हटलं, गोठल्यावर टिकतं कसं आणि विरघळतं कसं, ते.
"हे वाचणार कोण?"
सहज विचारलं त्याने. मी प्रती परत पाकिटात भरल्या.

५ मार्च
प्रती वाटल्या. सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, न उघडता ड्रॉवरमध्ये टाकली. एक पांडेसऱ्याच्या डॉ. नायकांना दिली, ते सहज भेटले म्हणून. डाईंगवाल्या कामगारांचा दवाखाना त्यांचा. ते कशाला वाचतील.

२१ मार्च
नायकांनी वाचला! चिठ्ठी देऊन एक बाई पाठवली. संगीता पाटील, वय चोवीस, राहणार गोडादरा. नवरा भटू, लूमवर. मूळचे अमळनेरकडचे. चार वेळा दिवस गेले, चारही वेळा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गेलं. बोट कापलं तर रक्त वेळेवर थांबतं, पण दुसऱ्या दिवशी परत सुरू. गोठण्याच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल, म्हणून पुढे कुणी पाहिलंच नाही. चिठ्ठीत शेवटी: "तुमचं तिसरं पान वाचताना ही आठवली."
संगीता मान वर करेना. "मना पोटमा टिकतच नही, बाई."
सासू बाहेर बाकावर. आत आली नाही.

२२ मार्च
तिच्या प्लाझ्माची गुठळी छान घट्ट झाली. अकराला युरियाच्या द्रावणात टाकली. शेजारच्या नळीत माझी. युरियात चांगली गुठळी टिकते, कच्ची विरघळते. जेवून येते तर आमचे टेक्निशियन जयेशभाई दारातच. "बेन, ओगळी गयुं!"
तिची नळी नुसतं पाणी. माझी गुठळी होती तशी.
इतकी वर्षं हे फक्त वाचलेलं. आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली.

२५ मार्च
नव्याने रक्त घेऊन परत केली. तेच. गुठळीचे धागे एकमेकांना शिवणारा जो घटक, तेरावा, तो हिच्यात जवळजवळ नाहीच. गुठळी होते, पण टाके नाहीत. दुसऱ्याच्या रक्तातला प्लाझ्मा दर तीन आठवड्यांनी दिला तर भागावं. हा घटक अंगात बरेच दिवस राहतो, एवढं एक बरं आहे.

२ एप्रिल
भटू एकटाच आला. सासूने गावाकडे दुसरी मुलगी पाहून ठेवलीय म्हणे.
"तू काय म्हणतोस?"
"मी काय म्हनू? आई समोर ऱ्हायनी का बोलताच येत नही."
म्हटलं, आईला घेऊन ये. तिच्याशी मी बोलते.

९ एप्रिल
सासू आली. रखमाबाई. बसायच्या आधीच, "मना पोऱ्याले पोर पाहिजे, तू नळ्या काय दाखाडस?"
तरी दोन्ही नळ्या समोर धरल्या.
"हाई कोनी?"
"माझी, मावशी."
"आनि हाई?"
"संगीताची."
दोन्ही नळ्या हलवून पाहिल्या तिने. मग म्हणाली, "मंग तुनं थोडं तिनामा टाकी दे ना."
जयेशभाई हसले. मी नाही. करायची उरलेली तपासणी हीच होती, आणि तिने ती दोन मिनिटांत सुचवली. तिच्यासमोरच संगीताच्या प्लाझ्मात माझ्या प्लाझ्माचे थेंब घातले, गुठळी केली, युरियात सोडली.

१० एप्रिल
टिकली. चोवीस तास झाले तरी जशीच्या तशी. रखमाबाई एकट्याच रिक्षा करून आल्या. नळी उजेडात धरून पाहिली. "मंग हाई तिले कधी देवानं?"
गावाकडच्या मुलीचं नाव निघालं नाही. मीही काढलं नाही.

३० एप्रिल
प्लाझ्माची पहिली पिशवी दिली. थोडी थंडी वाजली तिला, बाकी ठीक.
सर म्हणाले, केस लगेच लिहून पाठवा, दुसरं कुणी पाठवायच्या आत.
"मूल होईपर्यंत थांबू या, सर."
"आणि नाही झालं तर?"
"तर तेही लिहायला हवं."
"बढतीचं वर्ष आहे तुमचं."
माहीत आहे.

१८ सप्टें.
संगीताला दिवस गेले. सांगितलं भटूने, ती भिंतीकडे बघत होती. आजच प्लाझ्मा दिला. आता दर दोन आठवड्यांनी. धीर देता देता पिशवीवरचा रक्तगट मी दोनदा तपासला.

५ नोव्हें.
तिसरा महिना उलटला. एवढ्या पुढे आजवर आली नव्हती. रखमाबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला. जयेशभाईंना ठेचा झेपला नाही.

१४ जाने. ९७
उत्तरायण. गच्चीवर असताना भटूचा फोन, एसटीडी बूथवरून. पडलेला पतंग उचलताना मांजाने संगीताचं बोट कापलं. रक्त थांबलंय म्हणाला. मी म्हटलं, उद्या-परवा बघ. व. पतंग सोडून माझ्या तोंडाकडे बघत होता.

१६ जाने.
परत आलं नाही. खपली धरली! स्वतः गोडादऱ्याला जाऊन पाहून आले. एवढ्याशा खपलीकडे आम्ही चौघं वाकून बघत होतो.

९ मे
सकाळी मुलगी झाली. अडीच किलो, रडणं जोरदार. प्लाझ्मा कालच दिलेला, आज परत. रक्त बेताचंच गेलं. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी नॉर्मल. सरांनी मुद्दाम बोलावून विचारलं, आता लिहाल ना? म्हटलं, थोडं थांबते. ते चिडले नाहीत. ड्रॉवरमधून माझा पेपर काढला आणि विचारलं, नायकांना ती आठवली ते तिसऱ्या पानावर नेमकं कुठे?
दुपारी वॉर्डात गेले. संगीता झोपलेली, पोर कुशीत. पहिल्या दिवशी तिचं रक्त कधीच दगा देत नाही. जे व्हायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.
बाहेर बाकावर रखमाबाई. "आते भ्याव नही ना, बाई?"
खोटं बोलवेना. "परवा सांगते, मावशी."
त्यांनी मान हलवली, आपली कापडी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर सरकल्या.
"मंग बैस."
बसले.