रफिकचा दम

२७ सप्टें.
चिखलीला डॉक्टरकडे. नळीत फुंकायला लावलं. काटा अर्ध्यावरही गेला नाही. काय खेळायचात म्हणून विचारलं. कबड्डी. चढाई. जिल्ह्याच्या टीममध्ये होतो. डॉक्टर लिहीत राहिले, मग म्हणाले, जिना चढताना थांबत जा. पळणं बंद.
येताना जीपमध्ये एकानं ओळखलं. "अमडापूरचे दिगूभाऊ ना तुम्ही? एका दमात तिघाले शिवून येत होते ते?" हो म्हटलं. बाहेर पाहत बसलो.

२९ सप्टें.
वावरात गेलो, मागच्या भादव्यानंतर पहिल्यांदा. कपाशी यंदाही डोक्याएवढी. बीटीचं बियाणं आलं तेव्हा सांगत होते, आता फवारणीचं नाव नको. अळीला कोणी सांगितलं नाही.
मागच्या साली मी आणि टीममधला रफिक याच वावरात पाठीवर फवारणीच्या औषधाचा पंप घेऊन. हवा बंद. तो पुढं, मी मागं. आधी त्याची बडबड थांबली. मग तो दिसेना. त्याच्याकडे निघालो, एवढंच आठवतं. मी दवाखान्यात उठलो. तो उठला नाही.
आज दुपारी बांधावर उभा होतो. कपाशीत कोणीतरी दम धरलेला. कबड्डी कबड्डी कबड्डी, बारीक, न तुटणारा. नाकातून, 'ड्डी' गिळून. तसा एकच माणूस म्हणायचा.
मंगलला सांगितलं नाही. बायकोला काय सांगणार, कपाशीत कोण बोलतं ते.

३० सप्टें.
पुन्हा गेलो. काही नाही, नुसतं वारं. परत येताना वाईट वाटलं, काही नव्हतं म्हणून.

४ ऑक्टो.
संतोष आला. आताच्या टीमचा कप्तान. रफिकच्या नावानं गावात सामने ठेवतात. एक सामना आम्हा जुन्यांचा. "नुसतं उभं राहा भाऊ, चढाई नोका करू."
आतून मंगल : "नुसतं उभं राह्यले का ते कधी?"
तो गेल्यावर जुनं सगळं वर आलं. आमच्या आधी गावात जर्सी कोणी पाहिली नव्हती. पहिल्या जर्स्या रफिकच्या आईनं, खालानं शिवल्या. बुलढाण्याला पहिला सामना आम्ही अनवाणी, समोरचे बूट घालून. जिंकलो. मग जिल्हा, एकदा राज्यसुद्धा. मी चढाईला, रफिक डाव्या कोपऱ्यात. पण दम धरायला त्यानंच शिकवलं. विहिरीत बुडी मारून बसायचा, काठावर आमचाच जीव जायचा. "घाई करू नको बे, हवा कुठी पळून जात नाही."
पोलीस भरतीला दोघं गेलो. खेळाडूची जागा एकच, ती तिसऱ्याला. हसत परत आलो, दोघांनी मिळून कपाशी लावली.

८ ऑक्टो.
खेळलो.
शाळेमागचं मैदान. खाला खुर्चीवर. रफिक खेळायचा तेव्हा बायका मैदानावर येत नसत, तीही कधी आली नव्हती.
शेवटी आमच्याकडे चढाईला माणूस उरला नाही. मी गेलो. रेषा ओलांडली आणि थोडं आत जाताच दम संपला. तोंड उघडं, आवाज नाही. मला माहीत आहे, नव्हता. पंच शेजारी कान देऊन उभा. शिट्टी वाजली नाही. आवाज चालूच. नाकातून. माझ्या खांद्यामागून म्हणावं तर तसंही नाही, माझ्यातूनच, पण माझा नव्हे. एकाला पायानं शिवलं, परत आलो, रेषेवर पडलो.
पंचाला विचारलं, दम तुटला तरी शिट्टी काऊन नाही मारली?
"तुटला कधी? मले तर साफ ऐकू येऊन राह्यला होता."

९ ऑक्टो.
छातीत खरखर. खालानं बोलावलं.
"काल चढाईले तू होता बेटा?"
"हाव, खाला."
"आवाज तुहा नव्हता. अंगणात त्याचा रोज ऐकत होती मी. रोट्या करता करता. मले कोण फसवते?"
मग सांगितलं, माझा दम मधेच गेला होता.
रडली नाही. चहा ओतला, कप माझ्याकडे सरकवला. "अजून एकदा खेळशीन? त्याले काही म्हणत नाही मी. नुसतं ऐकणं हाय."

११ ऑक्टो.
दोन दिवस अंथरुणात. मंगलला सगळं सांगितलं, वावरातलंही. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली,
"मैदानात तो बोलला तवा तुम्ही श्वास घेत नव्हते. ध्यानात आलं का हे?"
नव्हतं आलं.

१४ ऑक्टो.
उद्या धामणगाव बढ्याला सामने. संतोषनं जीप केली आहे.
दुपारी खालाकडे गेलो, येत नाही म्हणून सांगायला. ती दारातच. नवी ओढणी, केसांना तेल. संतोषला सांगून जीपमध्ये जागा धरलेली. "कवा निघते रे जीप?"
सकाळी, म्हटलं. येत नाही हे न सांगताच निघालो.
घरी आलो. मंगलनं विचारलं, सांगितलं का. मी पेटीतली जर्सी बाहेर काढली. तिला कळलं. भांडेल म्हणून वाट पाहिली.
"मंग मी बी येतो जीपमंदी," म्हणाली. "खालाच्या बाजूले बसतो. तिले त्याचं ऐकू द्या. मी तुमचा श्वास ऐकतो."