खिडकीतलं खिडकीत

आबा, आज बँकेतल्या मुलीने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला आणि ती म्हणाली, "आजी, डोळ्यांची उघडझाप करा, म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे सरकारला कळेल." मी म्हणाले, "पस्तीस वर्षं सरकारी शाळेत घसा कोरडा केला, आता त्याच सरकारला डोळे मारू?" ती हसली. मला मात्र त्या काळ्या काचेत तुमची खिडकी दिसली.

तुम्हाला कॅमेरा लागत नसे. दरबारचे जुने शिपाई, कारकून, मास्तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खजिन्याच्या खिडकीशी ओळीने यायचे, तुम्ही चष्मा कपाळावर सारून तोंड बघायचात आणि 'हयात' लिहायचात. त्या आठवड्यात शाहूपुरीच्या बाजारपेठेला जीव यायचा. गूळ, चहाची पूड, धोतरजोड्या, सगळं त्या खिडकीतून बाहेर पडलेल्या पैशावर हलायचं. संस्थान विलीन झालं, पाट्या बदलल्या, तरी तेवढं चालू राहिलं. पण पेन्शन माणसाबरोबर संपायची, मागे राहिलेल्या बायकोला काही नाही. म्हणून म्हाताऱ्याच्या घरी उधार धान्य देताना दुकानदार आधी त्याचा खोकला ऐकायचा. हा कुठला न्याय, असं मी आजही विचारते. तुम्ही म्हणायचात, "नियम आहे."

मला अजून दिसतं, आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसलेले. "हत्तीखान्यातल्या माहुताला आज दोघांनी धरून आणलं," तुम्ही म्हणता. "अंगठा उठवताना धाप लागली बिचाऱ्याला. पुढच्या महिन्यात दिसेल असं वाटत नाही." मग माझ्याकडे वळता. "खिडकीतलं खिडकीत. कळलं?" मी मान हलवते. मी दहा वर्षांची, कॉन्व्हेंटातली, दोन भाषांत उलट उत्तरं देणारी.

त्या आठवड्यात निळी रिबीन नाही म्हणून सिस्टरनी मला दोन दिवस बाकावर उभं केलं होतं. तुमच्याकडे मागायची हिंमत नव्हती, फीच कशीबशी निघायची. कोपऱ्यावरच्या दुकानात तराजूशेजारी तीच रिबीन लोंबत होती. "शाळंला निघालीस व्हय गं बाय?" दुकानदार म्हणाला. "आबा बरं हाईत न्हवं? आणि आमचा माहूत आलता का खिडकीला?"

"आला होता. दोघांनी धरून. पुढच्या महिन्यात काही दिसायचा नाही." अगदी तुमच्याच आवाजात सांगितलं मी.

"अरारा," तो म्हणाला, आणि दोन हात रिबीन कापून माझ्या हातात ठेवली. "ऱ्हाऊ दे, पैसं नगंत."

चार दिवसांनी माहुताची बायको रिकामी पिशवी घेऊन आपल्या दारात उभी राहिली. "सायेब, धनी जित्तं हाईत की माझं! दुकानदार म्हणतोय, खजिन्यातनं कळलंय, आता दाणा मिळायचा न्हाय. तुमी कवा मारलासा त्यास्नी?"

"माझ्या तोंडून बाहेर काही गेलं नाही, बाई."

"मग खिडकीला तोंड फुटलं व्हय?"

आईने तिच्या पिशवीत जोंधळे ओतले. तुम्ही भिंतीकडे बघत उभे होतात. मी पडद्याआड, वेणीला हात लावून.

माहूत त्यानंतर दीड वर्ष जगला. दर महिन्याला खिडकीशी येऊन सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणायचा, "बघा सायेब, हाय अजून. लिवा." ओळ हसायची आणि तुम्ही मान खाली घालून लिहायचात. हे मला आईकडून कळलं, तिला माहुताच्या बायकोकडून. तुम्ही कचेरीतलं काही पुन्हा पाटावर बोलला नाहीत, माझ्या लग्नापर्यंत नाही, शेवटच्या आजारातही नाही. आज भाकरी थापल्याचा आवाज आला की ती शांतता आधी येऊन बसते, आणि तिच्यामागून तो म्हातारा, "हाय अजून."

बँकेतल्या पोरीने सांगितलं म्हणून मी डोळे मिटले, उघडले. "झालं, आजी." इतकं सोपं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? घडी घालून पेन्शनच्या पुस्तकात ठेवते. ती बाई पिशवी घेऊन गेली त्या संध्याकाळी तुम्ही विचारलं होतं, "रिबीन कुठली?" आणि मी म्हटलं, "सिस्टरनी दिली." आबा, सिस्टर कुणाला काही फुकट देत नसत. फी भरायला दर महिन्याला तुम्हीच जायचात. तुम्हाला ते माहीत होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.